ज्युनिअर चषकानंतरची चार वर्षं

मी पुण्यात टेनिसच्या रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटला तारा बसवतो. वडील हेच काम करायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. या धंद्यात मुलाचा खेळ बघायच्या आधी त्याची बॅग बघायला मिळते आणि पोरगं कुठवर आलंय ते बॅगेवरून बरंच कळतं. दहा-अकरा वर्षांचं मूल एकच रॅकेट घेऊन येतं, तीही शाळेला सुट्टी लागली की. चौदाव्या वर्षी रॅकेट दोन होतात. सोळाव्या वर्षी तार आठवड्याला तुटायला लागते आणि आतापर्यंत वडिलांच्या मागे उभा राहणारा मुलगा स्वतः पुढे होऊन सांगतो, "काका, बावन्न नको, पन्नास पौंडाला करा." अठराव्या वर्षी ज्याच्या बॅगेत एकाच वजनाच्या, एकाच ग्रिपच्या पाच-सहा रॅकेट असतात आणि सोबत स्वतःचं तारेचं रीळ असतं, तो व्यावसायिक टेनिसच्या दारात येऊन ठेपला आहे असं खुशाल समजावं.

पुढे काय होतं, हा माझ्या आयुष्यभराच्या कुतूहलाचा विषय आहे. काही बॅगा विमानात बसून दूर जातात. बऱ्याचशा एका उन्हाळ्यानंतर दिसेनाशा होतात. मुलगा इंजिनिअरिंगला लागलेला असतो, मुलगी बँकेच्या परीक्षेला बसलेली असते. त्यात वाईट काहीच नाही. पण भारतीय टेनिसचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास बघताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. ज्युनिअर विजेतेपद जिंकणारी मुलं आपल्याकडे कधीच कमी नव्हती. मुलाची गुणवत्ता त्या चषकात दिसते. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्याला काय मिळालं, यात त्याच्या घराची, गावाची आणि देशाची गुणवत्ता दिसते.

सुरुवात रामनाथन कृष्णन यांच्यापासून करायला हवी. वडील टी. के. रामनाथन हेच त्यांचे गुरू. १९५३ साली विम्बल्डनच्या मुलांच्या स्पर्धेत कृष्णन अंतिम फेरीत हरले. पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या अॅशली कूपरला हरवून ती स्पर्धा जिंकली. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई. हाच कूपर चार वर्षांनी विम्बल्डनचा पुरुष विजेता झाला, यावरून त्या विजयाचं वजन कळावं. कृष्णन यांच्या मागोमाग कोलकात्याचा प्रेमजित लाल १९५८ मध्ये आणि जयदीप मुखर्जी १९६० मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले. सात-आठ वर्षांत तीन भारतीय मुलं विम्बल्डनच्या ज्युनिअर अंतिम सामन्यात खेळली, आणि तीही अशा देशातली, जिथे चांगली हिरवळीची कोर्टं बोटांवर मोजता यायची.

त्या काळी ज्युनिअर आणि सिनिअर यांच्यातलं अंतर आजच्याइतकं रुंद नव्हतं, कारण 'व्यावसायिक' ही वेगळीच दुनिया होती. विम्बल्डन आणि डेव्हिस चषक फक्त हौशी खेळाडूंसाठी. पैसे घेऊन खेळायचं तर जॅक क्रेमरच्या चमूत सामील व्हायचं, गावोगाव सामने खेळायचे आणि मोठ्या स्पर्धांवर पाणी सोडायचं. क्रेमरने कृष्णन यांच्यापुढे तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरचा करार ठेवला होता. त्या वेळच्या भारतात हा आकडा ऐकून भोवळ यावी. कृष्णन यांनी नकार दिला. ते देशासाठी डेव्हिस चषक खेळत राहिले, १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले आणि १९६६ मध्ये भारताला डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. त्या नकारामागची निष्ठा मला फार मोठी वाटते. पण कुटुंबाचं बळ आणि स्वतःचा मोठेपणा एवढ्याच भांडवलावर जे उभं राहतं, ते दुसऱ्या मुलाला आयतं मिळत नाही, हेही त्याच वेळी कळतं.

१९६८ साली हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधला हा पडदा उठला. इंग्लंडमधल्या बोर्नमथला हौशी आणि व्यावसायिक खेळाडू पहिल्यांदा एकाच स्पर्धेत उतरले. त्या वर्षी विम्बल्डन जिंकल्याबद्दल रॉड लेव्हरला दोन हजार पौंड मिळाले. ऑगस्ट १९७३ मध्ये पुरुषांची संगणकीय क्रमवारी सुरू झाली, नोव्हेंबर १९७५ मध्ये महिलांची. माझ्या मते भारतीय मुलांच्या दृष्टीने पैशापेक्षाही मोठा बदल हा होता. तोवर निमंत्रणावर, नावावर, संघटनेच्या पत्रावर प्रवेश मिळायचा. आता प्रवेश गुणांवर मिळू लागला. गुण कमवायचे तर आठवड्यामागून आठवडे, देशामागून देश खेळत राहायला हवं. निमंत्रणाच्या काळात मुलगा वर्षातून एकदा परदेशी जायचा. गुणांच्या काळात त्याला जवळजवळ वर्षभर परदेशीच राहणं भाग पडलं.

या नव्या जगात आपला पहिला ज्युनिअर विजेता होता कृष्णन यांचाच मुलगा. रमेश कृष्णनने १९७९ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन अशा दोन्ही ज्युनिअर स्पर्धा जिंकल्या. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी जो चषक उचलला, तोच मुलानेही उचलला. पुढचा जिना रमेश झपाट्याने चढला. दोनच वर्षांत तो अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत होता आणि जॉन मॅकेन्रोकडून पहिला सेट घेऊन मग हरला. जानेवारी १९८५ मध्ये तो क्रमवारीत २३ वा होता. माझे वडील दुकानात काम करताना रमेशबद्दल बोलायचे ते त्याच्या तारांच्या भाषेत. जनावराच्या आतड्यापासून बनवलेली गट, हलका हात, चेंडू नुसता वळवून ठेवायचा. पुण्याच्या पावसाळ्यात ती गट दमट हवेने फुगायची आणि कुठेही तुटायची; लोक रॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. असल्या नाजूक तारेवर रमेश जगातल्या दांडग्या खेळाडूंना दमवतो याचं वडिलांना अपरंपार कौतुक होतं.

कृष्णन पितापुत्रांचा पूल घराच्या अंगणातच बांधलेला होता. ज्याच्या घरात डेव्हिस चषक खेळलेले वडील नाहीत, त्याने काय करायचं? या प्रश्नाला पहिलं पद्धतशीर उत्तर मद्रासला मिळालं. १९७३ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत गेलेला विजय अमृतराज आणि त्याच्या घरच्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात ब्रिटानिया कंपनीच्या पाठबळावर एक अकादमी काढली. देशभरातून निवडलेली मुलं तिथे राहायची, शिकायची, खेळायची. कोलकात्याहून आलेला लिएंडर पेस त्यांच्यातलाच. वडील वेस पेस मूळ गोव्याचे आणि १९७२च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघात खेळलेले. लिएंडरने १९९० मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी अमेरिकन ज्युनिअर, आणि ज्युनिअर क्रमवारीत तो जगात पहिला झाला.

त्या काळातल्या व्यावसायिक जिन्याची पहिली पायरी म्हणजे सॅटेलाइट. चार आठवड्यांचं एक चक्र असायचं: तीन आठवडे तीन गावांत स्पर्धा, चौथ्या आठवड्यात त्यातल्या पुढे गेलेल्यांची मास्टर्स. गुण अगदी शेवटी पदरात पडायचे. मधेच पाय मुरगळला, ताप आला, तर आधीची मेहनत मातीमोल. १९९८ पासून त्यांच्या जागी एकेका आठवड्याच्या फ्यूचर्स स्पर्धा येऊ लागल्या, तेव्हा खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. जगातला पहिला ज्युनिअर असला तरी लिएंडरला सिनिअर क्रमवारी शून्यापासूनच उभारावी लागली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीबाहेर दिलेल्या खास प्रवेशावर, उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला. त्याआधी भारतासाठी वैयक्तिक पदक आणलं होतं ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी, १९५२ साली हेलसिंकीत. चव्वेचाळीस वर्षं मधे गेली. १९९८ मध्ये लिएंडर एकेरीत ७३ व्या स्थानापर्यंत पोचला आणि मग दुहेरीकडे वळून त्याने अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. दुहेरीतली त्याची कामगिरी डोंगराएवढी आहे. तरीही ज्युनिअर गटात जगात पहिल्या असलेल्या मुलाला एकेरीत त्र्याहत्तराव्या स्थानावर पोचायला सात वर्षं लागली, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

त्याच सुमारास माझ्या टेबलावरचा मालही बदलला. १९९७ मध्ये गुस्ताव्हो क्युअर्टन नावाच्या ब्राझिलियन तरुणाने क्रमवारीत ६६ वा असताना फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉनची पॉलिएस्टर तार होती. ही तार कडक. नुसता हात लावणाऱ्याला ती काहीच देत नाही, पण जो जिवाच्या आकांताने रॅकेट फिरवतो त्याचा चेंडू ती भन्नाट फिरवते आणि कोर्टाच्या आत आणून टाकते. पाहता पाहता सगळं जग त्या तारेकडे गेलं. बेसलाइनच्या मागून ताकदीने फटके मारणाऱ्यांचं राज्य आलं आणि कृष्णन घराण्याच्या हलक्या हाताचा खेळ मागे पडला. ज्युनिअर गटात चलाख हात अजूनही सामने जिंकून देतो. पंचविशीतल्या पैलवानापुढे अठरा वर्षांच्या मुलाची तीच चलाखी अपुरी पडते. त्याला मांड्या, खांदे, पाठ घडवायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि त्याच वर्षांत त्याच्या खिशात दमडी नसते. पॉलिएस्टर मनगटाला आणि कोपराला त्रास देते, म्हणून सोळा वर्षांखालच्या मुलांना ती पूर्ण रॅकेटभर घालू नका असं मी पालकांना कळकळीने सांगतो. उभ्या तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या मऊ सिंथेटिकच्या घातल्या की बऱ्यापैकी निभावतं.

मुलींचा रस्ता तर आणखी अवघड होता, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकला. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव या संस्कृत कवयित्री, आणि स्वतःही टेनिसपटू. १९७१ मध्ये निरुपमा मांकड विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत आनंद अमृतराजबरोबर खेळल्या. पण या दोघींच्या काळात मुलीने टेनिसवर पोट भरावं ही कल्पनाच नव्हती. ती प्रत्यक्षात आणली सानिया मिर्झाने. २००३ मध्ये तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर विम्बल्डनची मुलींची दुहेरी जिंकली. त्याच वर्षी हैदराबादला महिलांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. घरच्या गावात स्पर्धा असल्यामुळे सानियाला वाइल्ड कार्ड मिळालं, आणि २००५ मध्ये तीच स्पर्धा तिने जिंकली. त्याच वर्षी ती अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या चौथ्या फेरीत होती, २००७ मध्ये जगात २७ वी. गुणवत्ता तर तिच्यात होतीच. पण नेमक्या वयात, नेमक्या वर्षी, घरापासून हाकेच्या अंतरावर व्यावसायिक स्पर्धा भरली, हे तिच्या कहाणीतलं फार महत्त्वाचं पान आहे, आणि त्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही.

आता पुण्यातल्या बालेवाडीकडे येऊ. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे आमच्या गावच्या टेनिसचं मोठं व्यासपीठ. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि दिल्लीच्या युकी भांब्रीने मुलांच्या एकेरीचं सुवर्ण जिंकलं. दोन-तीन महिन्यांनी, जानेवारी २००९ मध्ये, त्याने मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ज्युनिअर विजेतेपद मिळवलं आणि ज्युनिअर क्रमवारीत पहिला झाला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. यानंतर काय झालं ते नीट पाहावं. कोपराचं दुखणं, गुडघ्याचं दुखणं, पुन्हा उभं राहणं, पुन्हा कोसळणं. २०१७ मध्ये त्याने वॉशिंग्टनला गेल मॉन्फिसला हरवलं, त्याच वर्षी बालेवाडीलाच चॅलेंजर ही मोठ्या स्पर्धांच्या एक पायरी खालची स्पर्धा जिंकली, आणि एप्रिल २०१८ मध्ये ८३ व्या स्थानावर पोचला. ज्युनिअर चषकापासून या त्याच्या सर्वोच्च स्थानापर्यंत यायला त्याला नऊ वर्षं लागली. त्यानंतर दुखापतीने पुन्हा गाठलं. आज तो दुहेरीत खेळतो आणि २०२५ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. या माणसाच्या चिवटपणाला माझा मनापासून नमस्कार आहे.

पहिल्या शंभराचा एवढा ध्यास का, हे टेनिस न खेळणाऱ्यांना सांगायला हवं. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जण असतात. त्यातले १०४ थेट क्रमवारीवर येतात, सोळा पात्रता फेरीतून आणि आठ वाइल्ड कार्डवर. तिथे पहिल्याच फेरीत हरलं तरी जी रक्कम मिळते तिच्यावर खेळाडूचा वर्षाचा बराचसा खर्च निघतो. शंभराच्या आत असलेल्याला वर्षातून चारदा ही खात्री असते. दोनशे-अडीचशेव्या क्रमांकावरच्याला पात्रता फेरीतून झगडावं लागतं. चारशेच्या पुढचा खेळाडू तर त्या आवाराबाहेरच असतो.

आणि खालची पायरी कशी आहे? ज्युनिअर क्रमवारीचे गुण व्यावसायिक क्रमवारीत चालत नाहीत. वरच्या ज्युनिअर खेळाडूंसाठी छोट्या स्पर्धांत थोड्या जागा राखलेल्या असतात. बाकीच्यांनी पात्रता फेरीपासून सुरुवात करायची. पुरुषांची सगळ्यात लहान व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एम १५. एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर, तेही सगळ्या खेळाडूंत विभागलेलं. अख्खी स्पर्धा जिंकली तर पंधरा गुण, मुख्य फेरीतला पहिला सामना जिंकला तर एक. त्या एका गुणासाठी मुलं ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, इजिप्तला, तुर्कस्तानला महिना-महिना मुक्काम ठोकून बसतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली जगभरात १३,७३६ जण व्यावसायिक स्पर्धा खेळले. प्रशिक्षकाचा पगार न धरतासुद्धा, जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायला पुरुषांना साधारण ३३६ व्या आणि महिलांना २५३ व्या क्रमांकापर्यंत यावं लागत होतं. पहिला गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरात यायला पुरुषांना २००० साली सरासरी ३.७ वर्षं लागत, २०१३ साली ४.८. ही कोंडी फोडण्यासाठी २०१९ मध्ये महासंघाने छोट्या स्पर्धांची क्रमवारीच वेगळी काढली. हजारो खेळाडूंची क्रमवारीतली जागा एका रात्रीत गेली, जगभर ओरड झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले.

या आकड्यांना चेहरा द्यायचा तर सुमित नागलचा द्यावा. हरियाणातल्या झज्जरचा हा मुलगा. २०१५ मध्ये विम्बल्डनची मुलांची दुहेरी जिंकला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला त्याने फेडररकडून पहिला सेट घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू असताना, त्याने वृत्तसंस्थेला सांगितलं की आपल्या बँक खात्यात नऊशे युरोच्या आसपास रक्कम आहे. देशातला सगळ्यात वरचा खेळाडू, आणि ही अवस्था. चार महिन्यांनी मेलबर्नला त्याने पात्रता फेरी पार केली आणि मुख्य फेरीत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा त्याच्या आधीचा भारतीय पुरुष होता रमेश कृष्णन, १९८९ मध्ये. जुलै २०२४ मध्ये सुमित ६८ वा झाला. तो टिकला याचा मला अतिशय आनंद आहे. त्याच्याइतकीच गुणवत्ता असलेली किती मुलं नऊशे युरोच्या अलीकडेच थांबली असतील, या विचाराने जीव तुटतो.

गटिंगचा हिशेब तर माझ्या रोजच्या डोळ्यांसमोरचा आहे. व्यावसायिक खेळाडू सामन्याआधी रॅकेट ताजी करून घेतो, तार तुटलेली नसली तरी. पॉलिएस्टर काही तासांतच ढिली पडते. सहा रॅकेट, आठवड्यात चार सामने, शिवाय सराव. स्पर्धेच्या खोलीत आम्ही गटिंगवाले पहाटेपासून मशीन लावून बसतो. युरोपातले खेळाडू ताण किलोत सांगतात, आपली मुलं पौंडात, म्हणून मशीनशेजारी दोन्हींचा तक्ता चिकटवलेला असतो. सामना चालू असताना बॉलबॉय धावत रॅकेट घेऊन येतो आणि वीस मिनिटांत ती परत कोर्टावर पोचवायची असते. परदेशी खेळाडू सगळ्या रॅकेट एकदम टाकून जातो. आपल्याकडचा मुलगा एक पुढे करतो, जरा घुटमळतो आणि विचारतो, "दुसरीची तार आजचा सामना काढेल का?" मी बोटाने तार दाबून बघतो. निघण्यासारखी असली तर तसं सांगतो. नसली तर करून देतो, पैसे नंतर घेतो. या खेळातली दरी मला तिथे, त्या टेबलाच्या दोन बाजूंना, रोज दिसते.

चषकाशिवायही रस्ते आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर पालकांचा जीव उगाच टांगणीला लागेल. सोमदेव देववर्मन अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला, २००७ आणि २००८ मध्ये तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा विजेता झाला, २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर चेन्नईच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि २०११ मध्ये जगात ६२ वा होता. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकून आली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ मध्ये सानियाबरोबर आशियाई कांस्य जिंकली. अहमदाबादची अंकिता रैना हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकण्यासाठी पुण्यात आली आणि इथूनच पहिल्या दोनशेत गेली. खुद्द बोपण्णाही लहानपणी कूर्ग सोडून पुण्याला नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आलेला. ज्युनिअर गटात त्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही; जानेवारी २०२४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो दुहेरीत जगात पहिला झाला. महाविद्यालय असो की अकादमी, या सगळ्यांना अठरा ते बावीस या वयात कुणीतरी धरून ठेवलं होतं.

२०१८ ते २०२३ या काळात आधी चेन्नईला भरणारी पुरुषांची एटीपी स्पर्धा बालेवाडीला होती. २०२३च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्राच्या मानस धामणेला तिथे मुख्य फेरीत वाइल्ड कार्ड मिळालं. वय पंधरा. समोर अमेरिकेचा मायकेल म्मोह, क्रमवारीत शंभराच्या उंबरठ्यावरचा. मानस २-६, ४-६ असा हरला. त्या दुसऱ्या सेटमध्ये त्याच्या फटक्यांना म्मोहला पळावं लागत होतं आणि स्टँडमधली माणसं उभी राहत होती. मीही त्यात होतो. पुढे मानस इटलीत रिकार्डो पियात्ती यांच्या केंद्रात तयारी करत राहिला आणि २०२५ मध्ये मोनास्तिरला त्याने पहिली एम १५ जिंकली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर कोईमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून थेट महिलांच्या मुंबई ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. दोघांनाही पहिली मोठी संधी मिळाली ती महाराष्ट्रात, घरच्या प्रेक्षकांसमोर.

या छोट्या स्पर्धांतून काय निघतं, याचा एक दाखला तर जगाने पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीची चॅलेंजर स्पर्धा मोनॅकोच्या व्हालेंटिन वाशेरोने जिंकली. मोजक्या पुणेकरांनी तो अंतिम सामना पाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशेरो, क्रमवारीत २०४ वा असताना, पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स जिंकला. वाटेत त्याने जोकोविचला हरवलं. तोही ऋतुजाच्याच विद्यापीठात शिकलेला. जगाच्या शिखराकडे जाणारा जिना पुण्यातून जातो, हे त्याने सिद्ध करून दाखवलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एटीपीची मोठी स्पर्धा पुण्यातून गेली, त्याचं दुःख आहेच. पण मुलांना तिच्याहून अधिक गरज आहे ती एम १५, एम २५, महिलांच्या छोट्या स्पर्धा आणि चॅलेंजर यांची. पुण्यात, सोलापूरला, नाशिकला, नागपूरला, एकापाठोपाठ एक भरणाऱ्या. आपली मुलगी मोनास्तिरला महिनाभर राहण्याऐवजी एसटीने सोलापूरला जाऊन पहिला गुण मिळवू शकली, तर तिच्या वडिलांना कर्ज काढावं लागणार नाही. क्लबांनी आपली कोर्टं अशा आठवड्यांसाठी द्यावीत. उद्योगांनी चषकाबरोबर फोटो काढण्यापेक्षा अठरा ते बावीस वर्षांच्या चार मुलांचा चार वर्षांचा प्रवास आणि फिजिओचा खर्च उचलावा. आणि आपण प्रेक्षकांनी सोमवारच्या पात्रता फेरीला जाऊन बसावं. छोट्या स्पर्धांना बहुधा तिकीट नसतं, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि त्या कोर्टावर धडपडणाऱ्या मुलाला टाळीची गरज अंतिम सामन्यातल्या खेळाडूपेक्षा कितीतरी जास्त असते. ज्युनिअर विजेते आपल्याकडे पुढेही निपजत राहतील. सत्तर वर्षांचा इतिहास तसं सांगतो. त्यांच्या पुढच्या चार वर्षांची जबाबदारी घेणं आता आपल्याकडे लागलं.